घरी इलेक्ट्रिक गिटार बनवायची आहे, पण बजेट कमी आहे. पैसे कुठे वाचवावेत?

बॉडीवर वाचवा, नेकवर (गिटारच्या लांब मानेवर) नको. आवाज मुख्यतः तार आणि पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) ठरवतात, त्यामुळे जुन्या टेबलाचं कोरडं, सरळ लाकूडही चालतं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने 1963 पासून वडिलांबरोबर बनवलेल्या गिटारचा नेक तर जुन्या फायरप्लेसच्या लाकडाचा आहे! पण पहिल्या खेपेला फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवलेला तयार नेकच घ्या. फ्रेट जरा हलला की सूर गेलाच.

खरी चूक होते ब्रिजपाशी, म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तिथे. नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजा आणि नटपासून त्याच्या दुप्पट अंतरावर सॅडल (ब्रिजवरचा तार टेकणारा तुकडा) येईल असं पाहा. 25.5 इंची स्केलला (नट ते सॅडल लांबी) ते साधारण 648 मिमी भरतं. जाड तारांचे सॅडल किंचित मागे लागतात, तेवढी जागा ठेवा. भोकं पाडण्याआधी दोन्ही कडेच्या तारांच्या जागी दोरा ताणून बघा, नेक तिरका असेल तर तिथेच कळतं.

फिनिशला स्प्रे गन नको. 120, 220, 320 नंबरचा पॉलिश पेपर, मग फडक्याने तेलाचे पातळ हात. घाई केलीत तर चिकट राहील. आणि जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

शेवटी वायरिंग: पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखालचा भाग) सिंगल कॉइल, म्हणजे एका वेटोळ्याच्या पिकअपला 250के (किलो-ओहम), आणि हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांच्या पिकअपला 500के.