नाइटचा आठवडा, बाहेर झड आणि घरात दोन मुलं

ताई,
मी चिपळूणला तिसऱ्या मजल्यावर राहते. दोन खोल्या आणि किचन. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा पावणेतीनचा. मिस्टर लोट्याला एका कारखान्यात शिफ्टमध्ये आहेत. नाइट असली की सकाळी आठला येतात आणि दुपारी दोनपर्यंत झोपतात. सासूबाई आमच्यातच असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात. जुलै लागला की झड सुरू, शाळेला मधूनच सुट्टी, आणि दोघं घरात. आवाज झाला की हे उठतात, पळापळ झाली की खालच्या काकूंचा फोन येतो. मग मी मोबाइल देते. कधीकधी तीन-तीन तास. सासूबाई म्हणतात, आमची पोरं पावसाळाभर पडवीत खेळायची, त्यांना काही लागायचं नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास दोघं एकमेकांना चावतात, मारतात. मी ओरडते आणि रात्री मलाच रडू येतं. नदीला पाणी वाढलं की तर माझं कशातच लक्ष लागत नाही. मुलांना रमवणं मला जमतच नाही का?
– एक आई, चिपळूण

प्रिय मैत्रिणी,

सासूबाई पडवीबद्दल खोटं बोलत नाहीत, पण त्या अर्धीच गोष्ट सांगतायत. त्या पडवीत चार चुलत भावंडं असायची, एखादी दहा वर्षांची ताई धाकट्यांना सांभाळायची, आणि आवाज झाला म्हणून कोणी फोन करत नव्हतं. एकट्या आईने दिवसभर मुलांना रमवावं असं तेव्हाही कोणी धरलं नव्हतं. तू तेच काम दोन खोल्यांत, एकटीने आणि कुजबुजत करते आहेस. तेव्हा जमत नाही हा विचार आधी डोक्यातून काढ. मुलांना रमवायचं काम तू जेवढं कमी करशील तेवढं घर शांत होईल, असं माझं ठाम मत आहे. पण त्याआधी त्यांच्या अंगातली रग जिरवावी लागेल.

पाच वाजताची मारामारी कंटाळ्याने होत नाही, हातपाय आखडल्याने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांनुसार तुझ्या धाकट्याच्या वयाच्या मुलाची दिवसभरात मिळून 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी. पाच वर्षांपुढच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर चांगली दमवणारी हालचाल सांगितली आहे. तीन तास मोबाइलपुढे बसलेल्या मुलाची ती सगळी हालचाल संध्याकाळी एकदम बाहेर पडते, आणि समोर भावंडच असतं.

म्हणून दिवसाची मांडणी उलटी कर. दंगा आधी, बैठं काम नंतर. नाइटच्या आठवड्यात आठ वाजेपर्यंतचा वेळ तुझा आहे. साडेसहा-सातला मुलं उठली की दूध देऊन दोघांना खाली पार्किंगमध्ये ने. तुमच्याकडे नव्या इमारतींना खाली खांबांवरचं मोकळं पार्किंग असतं, आणि तुझ्याकडे ते असेल तर पावसाळ्यात तीच तुझी पडवी. सकाळी गाड्या बाहेर पडायच्या आत एक कोपरा ठरव. खडूने चौकोन आखून लंगडी, तीनचाकी, चेंडू. एवढ्या सकाळी चार कामं टाकून खाली जायचं तुझ्या जिवावर येईल, पण तो अर्धा तास दुपारी दुपटीने परत मिळतो. पार्किंग नसेल तर जिना आहे. धाकट्याचा हात धरून गच्चीच्या दारापर्यंत चढायचं, उतरायचं, पायऱ्या मोठ्याने मोजायच्या.

आणि पावसात भिजू दे. नुसतं भिजल्याने सर्दी होत नाही, सर्दी विषाणूंमुळे होते. रेनकोट घालून पंधरा मिनिटं पागोळ्यांखाली उभं राहायचं, वर येऊन डोकं पुसायचं, कोरडे कपडे, गरम पेज. मात्र साचलेल्या किंवा पुराच्या पाण्यात पाय घालू द्यायचा नाही. लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाचा, धोका तिथे असतो, आणि पायाला खरचटलेलं असेल तर जास्तच. विजा कडकडत असतील किंवा रेड अलर्ट असेल, म्हणजे 24 तासांत 204.4 मिलिमीटरच्या वर पाऊस अपेक्षित असेल, तर त्या दिवशी खाली जायचा विषयच नको.

आता नऊ ते दोन. हा खरा पेच आहे आणि मुलांना 'शू, बाबा झोपलेत' असं सांगून तो सुटत नाही. पावणेतीन वर्षांच्या मुलाला गप्प बसता येत नाही. पण आवाज न करता अंग थकवणारी कामं त्याला देता येतात. जुनी गोधडी फरशीवर पसर. त्यावर धाकट्याला बसव आणि ताईला दोन टोकं धरून ओढायला सांग. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, बाकाला वळसा घालून परत. ती वाकून, दात-ओठ खाऊन ओढते, तो मागे हात टेकून बसतो, वळणावर कलंडतो आणि हसून पुन्हा चढून बसतो. खाली पाय आपटत नाहीत, फक्त गोधडी घासत जाते, त्यामुळे खालच्या काकूंना पत्ताही लागत नाही. चार फेऱ्यांत मुलगी घामाघूम होते. मग अदलाबदल करायला सांग. त्याच्याने ती हलणार नाही, पण तो प्रयत्न सोडणार नाही आणि त्यातच त्याची दमछाक होईल. धुण्याच्या कपड्यांनी भरलेली बादली ढकलणं, उशांचा डोंगर रचून त्यावरून सरपटणं, पलंगाखालून रांगत जाणं, सगळं याच जातीचं.

त्यानंतर त्यांना तुझ्या कामात घे. खोटी भांडी देऊन भातुकली मांडून देण्यापेक्षा खरं काम मुलांना जास्त आवडतं, आणि त्यांना जवळ घेतल्याने तुझं काम लांबतं हे मान्य करूनही मी हेच सांगेन. झडीच्या दिवसांत घरभर दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. वाळलेले मोजे जोडायला धाकट्याला दे, रुमालांच्या घड्या मुलीला. कणीक मळताना दोघांना एकेक गोळा. ओट्याखाली परातीत दोन पेले पाणी आणि एक गाळणं दिलंस तर धाकटा अर्धा तास तिथून हलत नाही. फरशी ओली होईल, फडकं त्याच्याच हातात दे. बादलीत किंवा टबात मात्र पाणी भरून ठेवू नको, एवढ्या लहान मुलाला थोडंसं पाणीसुद्धा जिवावर बेतू शकतं.

आषाढ अमावास्या जवळ आली की समया आणि निरांजनं काढतेसच. त्या दिवशी सगळं एकटीने घासून मोकळी होऊ नको. मुलीला एक काळवंडलेलं निरांजन आणि भिजवलेल्या चिंचेचा गोळा दे. एका बोटाने जिथे घासेल तिथे पिवळी रेघ उमटते. चिंचेच्या आंबटपणाने पितळेवरचा काळा थर सुटतो हे तिला सांगितलंस तरी चालेल, पण आधी तिचं तिला दिसू दे. दुसरी रेघ, तिसरी रेघ, मग ती बोटाने स्वतःचं नाव काढायला बघेल. शेवटी धुऊन, पुसून ते निरांजन पाटावर ठेवायचा मान तिचा.

सासूबाईंचे गुडघे दुखतात, हात नाही. त्यांना मुलांमागे पळायला सांगू नको, बसून करायचं काम मागून घे. दुपारी धाकटा झोपला की नातीला सागरगोटे शिकवा, असं त्यांना म्हण. त्यांच्याकडे असतीलच कुठल्यातरी डब्यात. आजीचा हात वर उडालेला सागरगोटा कसा झेलतो हे मुलीने बघावं, आणि त्या पडवीतल्या गोष्टी त्यांनी तिला सांगाव्यात. टोमणा मारायची गरज बऱ्याचदा अशीच संपते, माणसाला आपलं काही उपयोगी पडतंय असं वाटलं की. सागरगोटे, वाल, चिंचोके धाकटा जागा असताना मात्र वर ठेवा. ते त्याच्या नाकात किंवा घशात जायला क्षण लागत नाही.

खेळण्यांचं एक सांगते. अर्धी आज माळ्यावर टाक. पंधरा दिवसांनी ती उतरव आणि ही वर ठेव. समोर ढीग असला की मुलं तो उपसतात आणि खेळत नाहीत. आणि 'कंटाळा आला' म्हटल्याबरोबर धावून काही देऊ नको. 'बरं, बघ तुला काय सुचतंय' म्हण आणि भाजी चिरत राहा. पहिली दहा मिनिटं कुरकुर होईल, पायाशी लोळण घेतली जाईल. तेवढी सोस. मग दोन खुर्च्यांवर चादर टाकून घर तयार झालेलं दिसेल, आणि त्या घरात तू आत आलेली त्यांना चालणार नाही.

मोबाइलबद्दल तुला अपराधी वाटतंय, त्याने काही साधत नाही. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही दिवसाला जास्तीत जास्त एक तास सांगतात, आणि तोही मोठ्यांपैकी कोणीतरी सोबत असताना. तीन तासांवरून एका दिवसात शून्यावर येऊ नको, टिकणार नाही. वेळ ठरव. साडेबारा ते एक, जेव्हा तुझ्या पोळ्या असतात आणि आवाज होऊन चालत नाही, तेव्हा आजीच्या शेजारी बसून, आणि दुपारनंतर अर्धा तास. रडले म्हणून द्यायचा नाही, वेळ झाली म्हणून द्यायचा. आज रडून मिळाला तर उद्या जास्त रडून मागतील. पहिले तीन-चार दिवस वाईट जातील, ते नाइटच्या आठवड्यात सुरू करू नको.

संध्याकाळी लाइट गेली तर बॅटरी भिंतीवर धर आणि हातांनी हरीण, ससा, पक्षी कर. आपल्याच कोकणात, कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत. मुलीला तो एकदा दाखवायला ने, जमेल तेव्हा. तोवर पुठ्ठ्याचा कापलेला मासाही पुरे.

नदीचं तू शेवटी एका ओळीत लिहिलंस, पण मला ते सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. 22 जुलै 2021 च्या चिपळूणच्या महापुराचं पाणी ज्यांनी पाहिलं त्यांना वाशिष्ठी नदी वाढल्याची बातमी शांतपणे वाचता येत नाही, त्यात तुझं काही चुकत नाही. पण तू दर पाच मिनिटांनी खिडकीशी जातेस, ग्रुपवरचे मेसेज बघतेस, आणि मुलं तुझा चेहरा बघतात. त्या दिवशी ती जास्त चिकटतात, जास्त भांडतात, ते याचमुळे. पाण्याची खबर ठेवायचं काम नवऱ्यावर किंवा एखाद्या शेजाऱ्यावर सोपव, आणि तू तासातून एकदाच बघ. जूनमध्येच एक पिशवी भरून ठेव: बॅटरी, औषधं, कागदपत्रं प्लॅस्टिकमध्ये, दोघांचे दोन-दोन कपडे, बिस्किटं. ती भरताना मुलीला बरोबर घे. 'पाणी आलं तर आपण वरच राहणार, आपल्याकडे सगळं आहे' हे तिच्याशी एकदा स्पष्ट बोल. मुलांना न सांगितलेल्या गोष्टीचं भय जास्त वाटतं.

आता तुझ्या नवऱ्याचं. नाइट करणाऱ्या माणसाला झोप हवीच, त्यावर मी वाद घालणार नाही. पण आठला आल्यावर चहा घेताना वीस मिनिटं मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर असावीत, मग दार लावून झोपावं. झोपल्यावर खोलीत पंखा मोठा ठेवा, बारीकसारीक आवाज त्यात विरतात. आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते चार वाजेपर्यंत घरी येत असतील ना? मग चार ते साडेपाच, म्हणजे नेमकी मारामारीची वेळ, मुलं त्यांच्याकडे. पार्किंगमध्ये, जिन्यात, कुठेही. तू त्या वेळात स्वयंपाकाला लागू नको. आतल्या खोलीत जा, कडी लाव आणि झोप. आज रात्रीच त्यांच्याशी हे बोल, पुढच्या आठवड्यावर ढकलू नको.

तुझी,
ताई