डिप्रेशन आहे म्हणजे तो जीव देणार का, मॅडम?

हा प्रश्न घरच्यांकडून इतक्यांदा ऐकलाय की उत्तर आधीच देऊन टाकते. डिप्रेशन असलेले बहुतेक जण आत्महत्या करत नाहीत. पण सगळी डिप्रेशन्स सारखी नसतात, आणि घरचे निर्धास्त होतात तीच वेळ कधीकधी जास्त जपायची असते.

अंबडला कंपनीत असलेला तिशीतला एकजण, सोबत बायको आणि मोठा भाऊ (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). दोन महिने अंथरुणातच होता, मग गोळ्या सुरू झाल्या आणि उठला. भाऊ खूश, "आता कामाला जातो, टेन्शन नाही." बायको हळूच म्हणाली, "पण हे रात्री झोपत नाहीत, नुसत्या येरझाऱ्या, आणि काही बोललं की भडकतात."

मी बाकी सगळं सोडून तेच धरलं. आधी कधी झोप कमी पण उत्साह भरपूर असं झालेलं का? भाऊ हसायलाच लागला. "हो की! रात्र रात्र जागायचा, कर्ज काढून निफाडला द्राक्ष एक्सपोर्ट करणार होता. पण तेव्हा तर एकदम मस्त होता, म्हणून डॉक्टरांना नाही सांगितलं."

हे "तेव्हा मस्त होता" कोणी सांगतच नाही, आणि बायपोलरची (कधी खूप उदासी, तर कधी अतिउत्साह असा आजार) शंका नेमकी तिथेच येते. मग मी त्याला सरळ विचारलं, जीव द्यावा असं मनात येतं का? भाऊ घाईघाईने म्हणाला, "मॅडम, असं विचारू नका, नसलं तरी डोक्यात शिरेल."

तो भावाकडे बघत म्हणाला, "दादा, ते शिरलंय कधीचंच. कोणाला सांगू तेच कळत नव्हतं."

भाऊ काहीच बोलला नाही, फक्त खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. मी फॉर्म आणि टेस्टपेक्षा सरळ प्रश्न मानणारी आहे, आणि त्या दिवशी तो कामी आला हे सांगायला मला संकोच नाही. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट माणूस मोकळा होतो.

त्याच संध्याकाळी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं. बायपोलरच निघालं, त्यात नुसती डिप्रेशनची गोळी काहींना अजून बेचैन करते, म्हणून औषध बदललं, लिथियम सुरू झालं. त्याला अधूनमधून रक्त तपासावं लागतं, पण आत्महत्येचा धोका कमी करणारं ते जुनं, भरवशाचं औषध आहे.

मन निराशच पण अंगात बेचैनी, झोप उडालेली, हे एकत्र दिसलं तर थांबू नका. "मी पापी, माझ्यामुळे घर बुडालं" असे भ्रम किंवा आवाज ऐकू येत असतील, बाळंतपणानंतर आई असं बोलत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर. पंचविशीच्या आतल्यांवर डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्यावर पहिले काही आठवडे लक्ष ठेवा, कारण त्या वयात काहींच्या मनात सुरुवातीला जीव द्यायचे विचार वाढू शकतात, पण गोळ्या मनाने बंद करू नका. घरात, मळ्यात जे धोक्याचं असेल ते कुलुपात, आणि असे विचार असलेल्या माणसाला एकटं सोडू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर रात्री-अपरात्री, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि डॉक्टरकडे जाताना वाईट दिवसांसोबत ते "मस्त" दिवसही कागदावर लिहून न्या.