इलेक्ट्रॉनिक संगीतातले आवडते डीजे मिक्स आणि मॅशअप इतर रसिकांपर्यंत कसे पोहोचवावेत? कोणती साइट वापरावी?

तुम्ही लिहिलंय की तासा-दोन तासांच्या मिक्सची लिंक ग्रुपवर टाकता, वर 'जबरदस्त, नक्की ऐका' लिहिता, आणि तरी कोणी ऐकत नाही. साइट बदलून यात काडीचा फरक पडणार नाही. तुम्ही समोरच्याकडून दोन तास मागताय आणि त्यात काय आहे, कुठे आहे, हे सांगत नाही.

आधी वेळ द्या, मिनिट-सेकंदासकट. आणि ती नेमकी ड्रॉपची (चढत गेलेलं संगीत बेससकट कोसळतं तो क्षण) नको. हाउस-टेक्नो ८, १६, ३२ बारच्या तुकड्यांत पुढे सरकतं. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार ठोक्यांचा एक बार १.८७५ सेकंदांचा, म्हणजे ३२ बार बरोबर एक मिनिट. तुम्हाला वेड लावणारा ड्रॉप ४२:३० ला असेल तर ४१:३० ची वेळ द्या. बेस कधी काढून घेतला, हाय-हॅट (ड्रमच्या झांजांचा आवाज) कसे एकेक करून चढले, पुढच्या ट्रॅकचा आवाज मागून कधी डोकावला, हे कानावर पडलं तरच तो ड्रॉप लागतो. थेट ४२:३० ला सोडलेल्या माणसाला नुसता धडाम् ऐकू येतो. १७४ च्या ड्रम अँड बेसमध्ये ३२ बारना साधारण ४४ सेकंद लागतात, तिथे तेवढंच मागे जा. यूट्यूब आणि साउंडक्लाउड दोन्हीकडे शेअर करतानाच सुरुवातीची वेळ ठरवता येते.

आता ट्रॅकलिस्ट, म्हणजे मिक्समध्ये वाजलेल्या ट्रॅकची यादी. ती दिली की मिक्सची जादू जाते, हे मत मी वर्षानुवर्षं ऐकत आलोय आणि ते मला साफ अमान्य आहे. मिक्स उभा राहतो तो दुसऱ्यांनी बनवलेल्या ट्रॅकवर. ज्याने तो बेसलाइन रचला त्याचं नाव कळलं नाही, तर ऐकणारा तो ट्रॅक विकत घेणार कसा? बीबीसी रेडिओ १ वरचा इसेन्शियल मिक्स १९९३ पासून चालू आहे. त्यातलं जुनं काही शोधायला निघालात की मिक्सेसडीबी किंवा १००१ ट्रॅकलिस्ट्स या साइटवरच्या, लोकांनी चिकाटीने भरलेल्या याद्याच कामी येतात.

डीजेने यादी दिली नसेल तर आधी त्यालाच विचारा. रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर या तिन्ही डीजे सॉफ्टवेअरमध्ये वाजवलेल्या ट्रॅकची हिस्टरी राहते, त्यामुळे द्यायची इच्छा असेल तर त्याला फार कष्ट नाहीत. नाही मिळाली तर बसून काढायची.

दोन ट्रॅक एकमेकांवर चढलेले असताना शझामला (गाणं ऐकून ओळखणारं ॲप) विचारण्यात अर्थ नाही. जुन्याचा बेस पूर्ण गेला आणि नवा एकटा वाजतोय, असा भाग निवडा. तरीही ओळखलं नाही, तर बहुतेक वेळा कारण वेग असतं. शझाम मूळ रेकॉर्डिंगच्या ठशाशी तुलना करतं. डीजेने ट्रॅक चार-पाच टक्के पळवला की तो ठसा जुळेनासा होतो. समजा मिक्स १२९ ला चालू आहे आणि ट्रॅक मुळात १२४ चा आहे. म्हणजे वेग ४ टक्के वाढलाय, आणि की-लॉक (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय) बंद असेल तर पट्टीही चढलीय (६ टक्क्यांना जवळजवळ अर्धा सूर, हे गणित पाठच ठेवा). तो तुकडा ऑडॅसिटी या ध्वनी-संपादन सॉफ्टवेअरमध्ये घ्या, वेग आणि पट्टी दोन्ही एकत्र ३.९ टक्के उतरवा आणि पुन्हा ऐकवा. ४ नाही, ३.९, कारण आता टक्केवारी वाढलेल्या आकड्यावर काढायची आहे.

मूळ वेग माहीत नसतो, ही खरी अडचण. पण या संगीतात बहुतेक निर्माते पूर्णांकी बीपीएमवर काम करतात. म्हणून १२८, १२७, १२६ असं एकेक पायरी उतरत चला. तरी लागलं नाही तर डीजेने की-लॉक लावलेला असू शकतो. मग पट्टीला हात न लावता फक्त टेम्पो उतरवून तीच फेरी पुन्हा. कंटाळवाणं काम आहे, पण अडलेले बरेचसे ट्रॅक यातच सुटतात.

एवढं करून नाव मिळालं नाही तर वेळ टाका आणि पुढे 'आयडी – आयडी' लिहा, म्हणजे कलाकार आणि ट्रॅक दोन्ही अज्ञात. अंदाजाने नाव लिहू नका. चुकीचं नाव दहा ठिकाणी कॉपी होतं आणि मग ते पुसता येत नाही. नावासोबत व्हर्जनही हवं: ओरिजिनल, डब, कुणाचा रीमिक्स. हे गाळलंत तर माणूस भलताच ट्रॅक विकत घेतो.

मॅशअपचं, म्हणजे एका गाण्याचा गळा दुसऱ्याच्या बीटवर बसवला त्याचं, वेगळं. तिथे तीन नावं लागतात: गळा कुणाचा, बीट कुणाची, आणि जोडलं कुणी. तिसरं नाव सगळ्यात आधी गळतं. फाइल एका फोनवरून दुसऱ्यावर जाताना कोणीतरी नाव बदलतं आणि बनवणारा गायब होतो. म्हणून फाइलच्या नावात आणि टॅगमध्ये, दोन्हीकडे लिहा. आणि सगळेच मॅशअप पुढे पाठवायच्या लायकीचे नसतात. १०० चा गळा १२८ वर ओढला की तो २८ टक्के पळवलेला असतो, शब्दांच्या कडा चिरकतात. याउलट ८७ चा रॅप १७४ च्या बीटवर अजिबात न ताणता बसतो. पट्ट्या कॅमेलॉट चक्रात (पट्ट्यांना १ए ते १२बी असे क्रमांक देणारं वर्तुळ) शेजारच्या हव्यात: ८ए वर ८ए, ७ए, ९ए किंवा ८बी. आणि सॉफ्टवेअरने वेगळ्या काढलेल्या गळ्यामागे मूळ गाण्याचे हाय-हॅट सळसळताना ऐकू येत असतील, तर तो मॅशअप अर्धवट आहे, पाठवू नका.

फाइल पाठवणार असाल तर ३२० केबीपीएसचा एक तास १४४ एमबी होतो; सीडी दर्जाची वेव्ह फाइल ६३५ एमबी. मेसेंजरवर 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, म्हणजे आहे तशी जाते. आकार कमी करायला एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री करू नका, दर वेळी काहीतरी गळतं. ट्रॅकनुसार तुकडे केले तर जोडावर बारीक खंड पडतो, कारण एन्कोडर प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना थोडी शांतता भरतो. एकच अखंड फाइल ठेवा आणि सोबत क्यू शीट (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते लिहिलेली छोटी फाइल) द्या. तिच्यात वेळ मिनिट:सेकंद:फ्रेम अशी असते आणि सेकंदात ७५ फ्रेम, १०० नाही. प्लेअर मग थेट हव्या त्या ट्रॅकवर उडी मारतो.

साइटबद्दल थोडक्यात. लांब मिक्ससाठी मिक्सक्लाउड, कारण त्यांचे हक्कधारकांशी परवान्याचे करार आहेत. तिथून डाउनलोड मात्र होत नाही. साउंडक्लाउड आणि यूट्यूबवर मूळ रेकॉर्डिंग आपोआप ओळखलं जातं आणि मॅशअप केव्हाही उडू शकतो, त्यामुळे तिथल्या लिंकवर विसंबू नका. दुसऱ्याचा मिक्स स्वतःच्या खात्यावर चढवू नका, मूळ लिंकच द्या.

एक राहिलं. डीजेने एखादा अप्रकाशित ट्रॅक मुद्दाम झाकला असेल आणि तुम्हाला तो माहीत असेल, तरी रिलीज होईपर्यंत 'आयडी'च लिहा. आणि ज्यांना आधी नावं बघायचीच नाहीत त्यांच्यासाठी यादी वेगळ्या कमेंटमध्ये टाका. एवढी सवलत मी द्यायला तयार आहे, यादी गाळायची नाही.