आईला कोविडचा आणखी एक डोस द्यायचा आहे, पण जवळपास कुठेच मिळत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय ७२ आहे, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी त्यांना दर सहा महिन्यांनी रिटुक्सिमॅब देतात आणि सोबत मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू आहेत. कोविडचे तीन डोस झालेत, पण शेवटचा घेऊन बराच काळ लोटला. डॉक्टर म्हणतात आणखी एक घ्या, आणि केंद्रांवर विचारलं की "आता नाही मिळत" एवढंच ऐकायला मिळतं.

डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, डोस घ्या. पण केंद्र शोधायच्या आधी तारीख ठरवा. मी परिचारिका आहे, लसीकरण सत्रांवर बराच काळ काम केलं आहे. घरची मंडळी दारोदार फिरून कुठून तरी डोस मिळवतात आणि तो नेमका अशा आठवड्यात देतात की शरीराला त्याचा फारसा उपयोग करून घेता येत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलंय. तुमच्या आईच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिटुक्सिमॅब रक्तातल्या बी पेशी संपवतं. संधिवातात त्याचा फायदा होतो, पण लशीनंतर अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशी याच बी पेशींपासून बनतात. इंजेक्शननंतर त्या परत यायला साधारण सहा महिने ते वर्ष लागतं. इंजेक्शन होऊन महिना-दीड महिनाच झाला असेल आणि तेव्हा लस दिली, तर अँटीबॉडी फारच कमी तयार होतात. म्हणून अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने महामारीच्या काळात सल्ला दिला होता की लस पुढच्या रिटुक्सिमॅबच्या साधारण चार आठवडे आधी घ्यावी आणि आजार आटोक्यात असेल तर लशीनंतर रिटुक्सिमॅब दोन ते चार आठवडे पुढे ढकलावं. म्हणजे आईची खिडकी, म्हणजे लस घ्यायची योग्य वेळ, दोन इंजेक्शनांच्या मधल्या काळाच्या शेवटाकडे आहे. पुढच्या इंजेक्शनची तारीख फाइलमध्ये असेलच, तिथून मागे मोजा.

मेथोट्रेक्सेटचंही विचारून घ्या. ब्रिटनमध्ये बूस्टर घेणाऱ्या रुग्णांवर एक चाचणी झाली होती. लशीनंतर दोन आठवडे ज्यांनी मेथोट्रेक्सेट थांबवलं त्यांच्यात अँटीबॉडीची पातळी गोळ्या चालू ठेवणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. त्याची किंमत म्हणून काहींचे सांधे त्या काळात जास्त दुखले. तेव्हा हा निर्णय डॉक्टरांचा. तुम्ही परस्पर गोळ्या बंद करू नका, पण प्रश्न तुम्हीच काढा. गर्दीच्या ओपीडीत तो आपोआप निघेलच असं नाही.

"तीन झाले, मग चौथा कशाला?" हे तुम्हाला नातेवाईक विचारतील, कदाचित केंद्रावरही कोणी विचारेल. धडधाकट माणसाला नंतरचा डोस देतात तो कालांतराने उतरलेलं संरक्षण पुन्हा वर आणायला. ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली असते त्यांच्यात आधीचे डोस मुळातच नीट लागू पडलेले नसण्याची शक्यता असते. फ्रान्समध्ये तुलूझला अवयव प्रत्यारोपण झालेल्या १०१ रुग्णांना २०२१ मध्ये तिसरा डोस दिला गेला. त्याआधी, दोन डोसांनंतर, त्यांच्यातल्या ४० टक्के लोकांमध्येच अँटीबॉडी सापडल्या होत्या. तिसऱ्यानंतर चार आठवड्यांनी ६८ टक्क्यांमध्ये सापडल्या. याचा अर्थ जवळजवळ एक तृतीयांश लोक तरीही कोरडेच राहिले, पण मोठ्या गटाला त्या एका डोसाने काहीतरी मिळालं. तुमच्या आईंचं प्रत्यारोपण झालेलं नाही, औषधंही वेगळी आहेत, तेव्हा हे आकडे त्यांना जसेच्या तसे लावू नका. डोस वाढवण्यामागचा विचार मात्र हाच आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने अशा रुग्णांसाठी जादा डोसाला परवानगी दिली आणि ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटानेही तशी शिफारस केली. पुढे २०२३ च्या अखेरीस याच गटाने खूप वयस्क लोक, अनेक आजार असलेले ज्येष्ठ आणि प्रतिकारशक्ती फार कमी असलेले यांना मागच्या डोसानंतर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा डोस द्यावा असं सांगितलं. तुमच्या डॉक्टरांचा सल्ला या चौकटीत नीट बसतो.

आता केंद्रांवरच्या "नाही"बद्दल. या नकारामागे तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि समोरचा माणूस क्वचितच सांगतो की त्यातलं कोणतं. पहिलं, साठाच नाही. दुसरं, साठा आहे, पण आई नियमात बसत नाहीत असं त्याला वाटतंय. तिसरं, त्याला स्वतःलाच माहीत नाही आणि नाही म्हणणं सोपं आहे. प्रत्येकावर उपाय वेगळा, म्हणून "का नाही?" हे शांतपणे पण नक्की विचारा. "लस संपली आहे की यांना देता येत नाही?" असं थेट विचारलंत की उत्तर सहसा मिळतं.

साठा का नसतो हे कळलं की तो मिळवणंही सोपं जातं. बऱ्याच कोविड लशी एकाहून जास्त डोसांच्या व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत येतात. फायझरच्या व्हायलमध्ये सहा डोस असत, ॲस्ट्राझेनेकाच्या लशीच्या बऱ्याच व्हायल दहा डोसांच्या होत्या, आणि एकदा सुई लागली की ती व्हायल सहा तासांत संपवावी लागायची, नाहीतर टाकून द्यायची. एकट्या तुमच्या आईसाठी व्हायल उघडायची म्हणजे उरलेले डोस वाया. त्यात मागणी कमी झाली, फ्रीजमध्ये पडून मुदत संपायला लागली, तसं छोट्या केंद्रांनी लस मागवणंच बंद केलं. त्यांच्या "मिळत नाही"चा अर्थ अनेकदा "आम्ही मागवत नाही" एवढाच असतो. म्हणून तिथे नाव आणि फोन नंबर लिहून ठेवायला सांगा आणि विचारा, "तुम्ही पुढची व्हायल उघडाल तेव्हा आम्हाला बोलवाल का? ठरल्या वेळी हजर राहू." आम्ही सत्रावर अशी यादी ठेवायचो आणि दिवस संपताना व्हायलमध्ये एखादा डोस उरला की त्या यादीतूनच फोन जायचा. काही ठिकाणी आता एकाच डोसाच्या व्हायल किंवा भरलेल्या सिरिंज येतात, तिथे ही अडचणच नाही, तेव्हा तेही विचारा.

फोन कोणाला करायचा याला फार महत्त्व आहे. स्वागतकक्षातल्या माणसाकडे साठ्याची माहिती नसते. लसीकरणाच्या परिचारिकेला किंवा औषधभांडार सांभाळणाऱ्या फार्मासिस्टला जोडून द्या म्हणावं. माझा अनुभव विचाराल तर सगळ्यात आधी आई जिथे रिटुक्सिमॅब घ्यायला जातात तिथेच विचारा. डायलिसिस, कर्करोग, प्रत्यारोपण, संधिवात अशा विभागांत तुमच्या आईसारखेच अनेक रुग्ण असतात. त्यांच्यातले पाच-सहा एकत्र आले की व्हायल सहज उघडता येते. असा विभाग स्वतः लस देत नसला तरी आपले रुग्ण कुठे पाठवतो हे त्यांना ठाऊक असतं. त्यानंतर सरकारी आरोग्य खात्याचं लसीकरण कार्यालय, मग मोठी रुग्णालयं आणि प्रवासाआधीच्या लशी देणारे दवाखाने. काही देशांत औषधांच्या दुकानातही लस टोचतात. संकेतस्थळावरच्या यादीवर विसंबून घराबाहेर पडू नका. त्या याद्या जुन्या राहतात आणि आजारी माणसाची फेरी वाया जाते.

नियमात बसत नाही असं कोणी म्हणालं तर हातात डॉक्टरांची चिठ्ठी हवी. नुसतं "कोविड लस द्यावी" लिहिलेली चिठ्ठी फारशी उपयोगाची नाही. त्यात आजाराचं नाव, रिटुक्सिमॅब आणि मेथोट्रेक्सेट ही नावं, शेवटच्या इंजेक्शनची आणि पुढच्याची तारीख, आधीच्या तीन डोसांच्या तारखा, "औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असल्याने आणखी एक डोस आवश्यक" हे स्पष्ट वाक्य, सही आणि शिक्का असू द्या. जादा डोसाचे नियम बहुतेक ठिकाणी वय आणि प्रतिकारशक्ती या दोन गोष्टींभोवती फिरतात. चिठ्ठीत दुसरी गोष्ट नसेल तर समोरचा फक्त वय बघून निर्णय घेतो. एवढं करूनही केंद्राने नकार दिला तर वाद घालत बसण्यापेक्षा लसीकरण अधिकाऱ्यांकडे चिठ्ठी पाठवून लेखी उत्तर मागा.

आधीचे डोस लपवून "पहिलाच आहे" असं सांगायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तसं करू नका. हतबल होऊन लोक असं करतात हे मला माहीत आहे आणि त्यांचा मला राग येत नाही. पण अशाने पुढच्या डॉक्टरला कोणता डोस कधी झाला हे कळत नाही आणि तुमच्या आईच्या उपचारात तारखांना फार किंमत आहे. घरपोच व्हायल आणून देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. फायझरसारखी एमआरएनए लस गोठवून ठेवतात, ती एकदा वितळली की पुन्हा गोठवता येत नाही, आणि ती फ्रीजमध्ये किती दिवस ठेवायची यालाही मर्यादा असते. मधे थंडाव्याची साखळी तुटली होती का, हे व्हायलकडे पाहून कोणालाही ओळखता येत नाही.

आधी घेतलेलीच लस हवी हा हट्ट सोडा. ती कदाचित मिळणारही नाही. ॲस्ट्राझेनेकाने तर आपली लस २०२४ मध्ये बाजारातून काढून घेतली. लस बदलल्याने काही बिघडत नाही. ब्रिटनच्या कोव्ह-बूस्ट चाचणीत सात वेगवेगळ्या लशी तिसरा डोस म्हणून देऊन पाहिल्या. आधी ॲस्ट्राझेनेका घेतलेल्यांमध्ये त्या सातही लशींनी अँटीबॉडी वाढवल्या, फायझर घेतलेल्यांमध्ये सहांनी. दोन पर्याय समोर असतील तर नव्या विषाणूप्रकारावर बेतलेली लस निवडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्लागार गटाने २०२३ मध्ये एक्सबीबी.१.५, २०२४ मध्ये जेएन.१ आणि २०२५ मध्ये त्याच्या जोडीला एलपी.८.१ वर आधारित लशी सुचवल्या. पण नवी येईल म्हणून आईची खिडकी हातची घालवू नका. पुढचं रिटुक्सिमॅब झालं की पुन्हा काही महिने थांबावं लागेल.

टोचायच्या दिवशी ताप असेल तर पुढे ढकला. नुकताच कोविड होऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यानंतर साधारण तीन महिने थांबायला हरकत नसते. टोचल्यावर १५ मिनिटं तिथेच बसवा. पूर्वी कुठल्या लशीची किंवा इंजेक्शनची जोरात ॲलर्जी आली असेल तर अर्धा तास. दंड दुखणं, अंग मोडून येणं, कणकण हे दोन-तीन दिवसांत जातं. छातीत दुखणं, धाप लागणं किंवा चेहरा सुजणं यांपैकी काही दिसलं तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचे. हृदयाच्या स्नायूला सूज येण्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ती दुर्मिळ आहे आणि मुख्यतः किशोरवयीन मुलं आणि तरुण पुरुषांमध्ये दिसली आहे.

नंतर अँटीबॉडीची तपासणी करावी का, असंही तुम्ही विचारलंत. मी करणार नाही. किती पातळी म्हणजे सुरक्षित, याचा सर्वमान्य आकडा नाही. शिवाय रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांत अँटीबॉडी न दिसताही टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या प्रकारच्या पेशी, लशीला प्रतिसाद देतात आणि त्या या तपासणीत येत नाहीत. "शून्य" वाचून घरात सगळे घाबरतात, किंवा मोठा आकडा पाहून मास्क काढून टाकतात.

त्यापेक्षा दोन कामं करा. घरातल्या बाकीच्यांचे डोस राहिले असतील तर ते पूर्ण करा आणि कोणाला सर्दी-खोकला झाला तर त्याने आईच्या खोलीत मास्कशिवाय जायचं नाही. दुसरं, डोस घेऊनही कोविड झालाच तर काय करायचं हे डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवा. निर्माट्रेल्विर-रिटोनाविर या कोविडवरच्या गोळ्या लक्षणं सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात. कोलेस्टेरॉलची काही औषधं, रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या आणि हृदयाच्या ठोक्यांसाठीची काही औषधं त्यांच्यासोबत चालत नाहीत. ऐन तापात ही शोधाशोध करताना दिवस हातातून जातात. म्हणून डोसाच्या चिठ्ठीसाठी जाल तेव्हाच आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्या आणि यातल्या कोणत्या थांबवाव्या लागतील ते त्याच कागदावर लिहून घ्या.