वाचकांचे प्रश्न : सड्यावरचे बेडूक मोजायचे कसे?

प्रश्न : आमच्या निसर्ग मंडळातले आठ-दहा जण दर पावसाळ्यात रात्री सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, फिरून बेडकांचे फोटो काढतात. चार वर्षांत फोटोंचा ढीग जमला, पण बेडूक वाढले की घटले हे काही सांगता येत नाही. चुकतंय कुठे? (निसर्ग मंडळ, सिंधुदुर्ग)

उत्तर : त्या रात्री तिथे अमुक बेडूक होता, एवढंच फोटो सांगतो. किती जणांनी, किती वेळ, किती अंतरात शोधलं आणि कुठे काहीच मिळालं नाही, हे फोटोत नसतं. वाढ-घट ठरते ती नेमकी याच माहितीवरून.

सड्यावर १०० मीटरच्या चार-पाच रेषा कायमच्या ठरवा. दोन्ही टोकांचं जीपीएस वाचन घ्या आणि दगडावर खूण करा. अंधार पडल्यावर, साधारण सात ते नऊच्या दरम्यान, प्रत्येक रेषेवर दोघांनीच जायचं. डावी-उजवीकडे एकेक मीटरच पाहायचं आणि एका रेषेला अर्धा तास द्यायचा. एका वर्षी दोघे आणि पुढच्या वर्षी सहा जण गेले, किंवा साध्या टॉर्चऐवजी दुप्पट उजेडाचा हेडटॉर्च आला, की आकडा फुगतो. बेडूक मात्र तेवढेच असतात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत दर महिन्याला तीन फेऱ्या करा. वहीत सुरुवातीची व शेवटची वेळ, तापमान, आर्द्रता आणि मागच्या २४ तासांतला पाऊस लिहा. काहीच दिसलं नाही तर जागा कोरी सोडू नका, ठळक ० लिहा. हे शून्य आम्हाला फोटोइतकंच मोलाचं वाटतं. कोऱ्या जागेवरून बेडूक नव्हते की तुम्हीच गेला नव्हता, हे पुढे कुणालाच कळत नाही.

आवाजाची नोंद वेगळी ठेवा. रेषेच्या टोकाला पोचल्यावर एक मिनिट गप्प उभे राहा, कारण पावलांच्या चाहुलीने नर ओरडायचे थांबतात. मग पाच मिनिटं ऐका. आवाज नसेल तर ०, एकेक नर वेगळा मोजता आला तर १, आवाज एकमेकांत मिसळूनही वेगळे ओळखू आले तर २, सलग कोलाहल असेल तर ३. शंका असेल तर मोबाइलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण करा, सुरुवातीला तारीख आणि ठिकाण बोला. मूळ फाइल जपून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोत वेळ व ठिकाणाची माहिती उरत नाही.

बेडूक पकडू नका. संशोधनासाठी वन्यप्राणी पकडायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. मोजणीला पकडण्याची गरजही नाही. वरून आणि बाजूने फोटो घ्या, कानाचा पडदा आणि पायांच्या बोटांमधला पडदा दिसू द्या, शेजारी पट्टी ठेवा. मिनर्व्हार्या या बेडकांच्या वंशातल्या कितीतरी जाती नुसत्या फोटोवरून वेगळ्या करता येत नाहीत. तिथे ‘मिनर्व्हार्या, जात अनिश्चित’ असंच लिहा. ओढूनताणून दिलेल्या नावापेक्षा ही नोंद कितीतरी उपयोगी.

पाय कुठे ठेवता याकडेही लक्ष द्या. २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली टोड पहिल्या पावसात कातळावरच्या बोटभर खोल डबक्यांत अंडी घालतो. अशा डबक्यात पडलेलं गमबुटाचं एक पाऊल ती चिरडायला पुरेसं होतं. सुटा दगड उचललाच तर होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवा. त्याखालचा ओलावा हाच कुणाचातरी उन्हाळ्याचा आसरा असतो. दुसऱ्या सड्यावर जाण्याआधी गमबूट ब्रशने घासून चिखल पूर्ण काढा, मग ७० टक्के अल्कोहोल लावून मिनिटभर ओले ठेवा आणि खडखडीत वाळवा. चिखल तसाच राहिला तर औषध आतपर्यंत पोचत नाही. बेडकांच्या कातडीला होणाऱ्या कायट्रिड बुरशीची नोंद पश्चिम घाटात झाली आहे, म्हणून हा खटाटोप.

प्रश्न : बागेत खणताना बोटाएवढं जाड, जांभळट, बुळबुळीत जनावर निघालं. घरच्यांनी साप म्हणून मारलं. काय असावं? (एक वाचक, दापोली)

उत्तर : वर्णनावरून देवगांडूळ. हा बेडकांचाच बिनपायाचा नातलग, पूर्णपणे निरुपद्रवी. अंगावर वळ्या, कातडी ओलसर आणि नीट पाहिलं तर जबडा असलेलं तोंड. डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये बारीकशी स्पर्शिका असते, ती भिंगातून दिसते. वाळा साप सुतळीसारखा बारीक, कोरडा, चकचकीत खवल्यांचा आणि शेपटीच्या टोकाला बारीक काटा असलेला. गांडुळाला जबडाच नसतो. देवगांडूळ माती भुसभुशीत करतं आणि किडे-वाळवी खातं. आंबोलीतल्या एका जातीला तर २००३ मध्येच नाव मिळालं. पुन्हा दिसलं तर फोटो घ्या, ओल्या मातीत सोडा, वर पालापाचोळा पसरा. मीठ टाकू नका, कातडीतून पाणी ओढलं जाऊन ते तडफडून मरतं.

प्रश्न : घाटरस्त्यावर गाडीखाली मेलेले साप-बेडूक फॉर्मालिनमध्ये ठेवले तर चालेल का? (एक शिक्षक, सातारा)

उत्तर : नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीतला (यादीतला) वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो सरकारची मालमत्ता ठरतो. पट्टी ठेवून फोटो घ्या, किलोमीटरचा दगड आणि वेळ लिहा. रहदारी थांबली असेल तरच रस्त्यावर उतरा. नोंद झाली की कलेवर काठीने रस्त्याच्या कडेला सारा. नाहीतर परतीच्या फेरीत तेच पुन्हा मोजलं जातं, शिवाय ते खायला आलेलं मुंगूसही चाकाखाली येतं.