‘पुढे जा’ आणि ‘रद्द करा’ शेजारीशेजारी का?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका, वय ६७. विजेचं बिल मोबाइलवरून भरते. शेवटच्या पानावर ‘रद्द करा’ आणि ‘पुढे जा’ अशी दोन निळी बटणं अगदी चिकटून आहेत. आत्तापर्यंत तीनदा माझ्याकडून ‘रद्द करा’ दाबलं गेलं. एकदा तर बिल भरलं असं समजून मी निर्धास्त राहिले आणि पुढच्या बिलात दंड लागून आला. मुलगी म्हणते, “आई, नीट बघून दाब ना.” मी बघूनच दाबते हो! मग असं का होतं? बटणं कुठे ठेवायची याचं काही शास्त्र असतं का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, तुम्ही बघूनच दाबता, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. गेली २० वर्षं मी हेच काम करते, मोबाइलची आणि यंत्रांची पानं आखण्याचं, आणि तुमच्यासारखी तक्रार करणाऱ्या शेकडो माणसांच्या शेजारी बसले आहे. त्यांच्यातलं कुणी बेफिकीर नव्हतं.

आधी एक करून बघा. ताटात काबुली हरभऱ्याचे १६ दाणे चार-चारच्या चार ओळींत मांडा, सगळीकडे सारखं अंतर ठेवून. ओळी आडव्या आहेत की उभ्या, सांगता येणार नाही. आता प्रत्येक आडव्या ओळीतले दाणे एकमेकांजवळ सरकवा. लगेच चार आडव्या ओळी दिसतील. पुन्हा अंतर सारखं करा आणि दुसऱ्या व चौथ्या उभ्या ओळीत काळे वाटाणे ठेवा. आता उभ्या ओळी उठून दिसतील. तुम्ही काही ठरवलं नाही. जे जवळ आहे आणि जे सारखं आहे, त्याचा गट डोळ्याने परस्पर पाडला.

माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली कागदावर ठिपके काढून हेच दाखवलं. त्याची सुरुवात त्याआधीची. १९१० मध्ये तो आगगाडीने निघाला होता, वाटेत फ्रँकफर्टला उतरला आणि हलती चित्रं दाखवणारं एक खेळणं विकत घेतलं, असं सांगतात. स्थिर चित्रं एकामागून एक दाखवली की डोळ्याला हालचाल दिसते, हे त्याने १९१२ च्या निबंधात मांडलं. तुमच्या मोबाइलवरचं पान सरकतं तेही असंच.

आता तुमची दोन बटणं बघा. जवळ आहेत, रंग एक, आकार एक. डोळ्याने त्यांची जोडी लावून टाकली. त्यांच्यातला सगळा फरक उरला तो अक्षरांत, आणि अक्षरं वाचायला वेळ लागतो. पैसे भरायच्या घाईत बोट तोवर टेकलेलं असतं.

याच चुकीपायी दुसऱ्या महायुद्धात विमानं आपटली. अमेरिकेच्या बी-१७ या बॉम्बफेकी विमानाचे वैमानिक उतरल्यावर पंखांचे फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) मिटायला जायचे आणि चाकंच वर घ्यायचे. विमान धावपट्टीवर पोटावर बसायचं. दोष वैमानिकावर जायचा. अल्फोन्स चपानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन पाहिलं, तर दोन्ही खटके एकसारखे आणि शेजारीशेजारी! त्याने चाकांच्या खटक्यावर रबराचं छोटं चाक बसवलं, फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा तुकडा. बोटांना न बघताही फरक कळू लागला. आजही विमानात चाकांचा खटका चाकाच्याच आकाराचा असतो.

पुढे पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासह वैमानिकांच्या अशा ४६० चुका तपासल्या (१९४७), आणि १९५४ मध्ये हिशेब मांडला : लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका हात तिथे अचूक न्यायला वेळ जास्त. म्हणून मोबाइलवरचं बटण साधारण ९ मिलिमीटरपेक्षा लहान करू नये, असं आम्ही मानतो. आमच्या या कामाचं ‘इंटरॅक्शन डिझाइन’ हे नाव मात्र १९८० च्या दशकातलं, बिल मॉग्रिज आणि बिल व्हर्प्लँक या डिझायनरांनी रुळवलेलं. मॉग्रिजने घडी घालता येणारा एक संगणक घडवला होता. तो वापरायला बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण पेटीवर एवढी मेहनत घेतली, पण माणूस गुंततो तो पडद्याच्या आत.

तुम्ही शिक्षिका होतात, म्हणजे निवडणुकीची ड्युटी चुकली नसेलच. मतदान यंत्र आठवा. नाव, चिन्ह, लाल दिवा, निळं बटण, सगळं एका आडव्या ओळीत. नजर रुळावरून गेल्यासारखी नावावरून बटणापर्यंत जाते. ज्यांच्यापुढे उमेदवार नाही ती बटणं झाकलेली. दाबलं की दिवा लागतो, आवाज येतो. मत नोंदलं की नाही, हे कुणाला विचारावं लागत नाही. या यंत्राचं रूप पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरच्या प्राध्यापकांनी घडवलं आहे, आणि मला ते आपल्याकडच्या उत्तम कामांपैकी एक वाटतं. तुमच्या बिलाच्या पानावर तो दिवाच नव्हता. ‘बिल भरलेलं नाही’ एवढे तीन शब्द ठळक आले असते, तर दंड टळला असता.

एका पतसंस्थेसाठी मी अर्ज आखला होता. बायका ‘गाव’च्या चौकटीत नवऱ्याचं नाव लिहीत होत्या. मी पट्टी घेऊन मोजलं. प्रत्येक शब्द वरच्या चौकटीपासून ४ मिलिमीटर आणि खालच्या चौकटीपासूनही ४. शब्द कुणाचा, हे डोळ्याला कळणार कसं? खालचं अंतर २ केलं, वरचं ८. एकही अक्षर बदललं नाही. त्या चुका थांबल्या.

तुम्ही आज एवढं करा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये डिस्प्लेचा आकार एक पायरी वाढवा. बहुतेक ठिकाणी बटणंही मोठी होतात. पैसे भरल्यावर पावती क्रमांक दिसेपर्यंत ते पान बंद करू नका. आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून, ग्राहक क्रमांक झाकून, बिल घेणाऱ्यांना पाठवा. सोबत लिहा : ‘दोन्ही बटणं एका रंगाची आहेत आणि चिकटून आहेत, तीन वेळा चूक झाली.’ एक प्रत मलाही पाठवा. ‘रद्द करा’ कुठे हलवायचं, ते मी त्यावर आखून देते.