प्रिंटर 1200 डीपीआयचा, तरी ट्रॅक का चिकटतात?

प्रश्न: दादा, मी ऐरोलीला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी अ‍ॅटमेगा 328 या मायक्रोकंट्रोलर चिपचा सर्किट बोर्ड घरीच करतोय, टोनर ट्रान्सफरने, म्हणजे लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने कॉपर बोर्डवर उतरवून. आर्टवर्क स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे काढलं, तो म्हणाला मशीन 1200 डीपीआयचं, म्हणजे इंचाला 1200 टिपक्यांचं आहे. तरी 8 मिलचे (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ट्रॅक, म्हणजे कॉपरच्या रेघा, एकमेकांना चिकटले आणि 28 पिनचा आयसी भोकांत बसतच नाहीये, दोन बोर्ड वाया गेले. प्रिंटर खरंच किती बारीक छापतो हे कसं तपासायचं?

उत्तर: मित्रा, तुझे दोन प्रॉब्लेम वेगळे आहेत आणि आयसीवाला सोपा आहे म्हणून तो आधी घेतो. प्रिंट देताना ‘फिट टू पेज’ चालू राहिलं असणार. त्याने चित्र 3 टक्के जरी लहान झालं तरी 28 पिनच्या आयसीत एका रांगेतल्या पहिल्या पिनपासून शेवटच्या पिनपर्यंत 33.02 मिमी अंतर असतं, म्हणजे शेवटची पिन जवळपास 1 मिमी सरकते, मग कशी बसणार. आर्टवर्कच्या कडेला 100 मिमीची एक आडवी आणि एक उभी रेघ टाक, ‘अ‍ॅक्चुअल साइज’वर प्रिंट काढ आणि स्टीलच्या पट्टीने दोन्ही मोज. दोन्ही मोजायच्याच, कारण लेझरमध्ये कागद तापतो, रोलरमधून ओढला जातो आणि एकाच दिशेला फरक पडू शकतो. शिवाय आयसी त्या कागदावरच टोचून बघ, पिना पॅडच्या मधोमध आल्या तरच पुढे जा.

आता रिझोल्यूशन. 600 डीपीआयला एक टिपका सुमारे 0.042 मिमीचा, 1200 ला त्याच्या निम्मा. 10 मिलचा ट्रॅक 600 वर बरोबर 6 टिपक्यांत बसतो पण 8 मिलला 4.8 टिपके लागतात आणि टिपका काही अर्धवट छापता येत नाही, म्हणून सारख्या जाडीचे दोन ट्रॅक कागदावर कमीजास्त जाड दिसतात. आणि ड्रायव्हरमध्ये 600 च सिलेक्ट असेल तर मशीनवर 1200 लिहिलेलं असून काय उपयोग, ते सेटिंग तिथेच उभं राहून बघून घे. टोनर सेव्ह बंद, डेन्सिटी जास्तीत जास्त. फाइल पीडीएफच दे, जेपीजी कधीच नाही, जेपीजीत कडेला करडी छटा येते आणि प्रिंटर ती सुट्या ठिपक्यांनी भरतो, रेघेची धार तिथेच जाते.

टेस्टसाठी एक छोटी पट्टी बनव: 6, 8, 10, 12 आणि 15 मिलच्या रेघा, प्रत्येक जाडीच्या पाच-पाच, मधली गॅप रेघेएवढीच, आणि हाच गट आडवा, उभा आणि 45 अंशात. तिरक्या रेघांत पायऱ्या लगेच कळतात. बाजूला एक भरीव काळा चौकोन ठेव. 10 एक्सच्या भिंगाखाली बघ, चौकोन उजेडासमोर धर, बारीक भोकं दिसली तर टोनर कमी पडतोय.

पण कागदावर थांबू नकोस! मला सगळ्यात जास्त कळकळीने हेच सांगायचंय, कारण बरेचजण प्रिंट बघून खूश होतात आणि बोर्ड बिघडला की प्रिंटरला बोल लावतात. इस्त्रीखाली टोनर वितळून पसरतो, रेघ जाड होते आणि गॅप बुजते, तुझे ट्रॅक बहुतेक इथेच चिकटलेत. पुढे नको असलेलं कॉपर खाणाऱ्या फेरिक क्लोराइडच्या द्रावणात (यालाच एच करणं म्हणतात) उलटं होतं, नेहमीचं कॉपर 35 मायक्रॉन जाड असतं आणि ते खालच्या दिशेला खाल्लं जाताना टोनरखाली बाजूनेही खाल्लं जातं, त्यात बारीक रेघ तुटते. म्हणून तीच पट्टी उरलेल्या कॉपर बोर्डच्या तुकड्यावर ट्रान्सफर कर, एच कर, मग मल्टिमीटरच्या बझरने प्रत्येक रेघ अखंड आहे का आणि शेजारच्या रेघेला शॉर्ट तर नाही ना ते तपास. जी जाडी तिन्ही दिशांना पास होईल तिच्यापेक्षा एक पायरी वरची डिझाइनमध्ये धर. तुझ्या बोर्डला तसंही 8 मिल कशाला हवेत, डीआयपीच्या, म्हणजे तुझ्यासारख्या दोन रांगांच्या आयसीच्या, शेजारच्या पिनांमध्ये 2.54 मिमी अंतर आहे, ट्रॅक सरळ 15 ते 20 मिलचे घे.

पावसाळ्यात आपल्याकडे खाडीकाठी कागद पटकन ओल धरतो, ट्रान्सफरचा ग्लॉसी पेपर झिपच्या पिशवीत ठेव. आणि झेरॉक्सवाल्याने टोनर किंवा मशीन बदललं की पट्टी पुन्हा काढ, जुना रिझल्ट त्या दिवसापासून धरू नकोस.